पावडरकाकांनी तीन पुस्तकांची तालीम घेतली

आधी उजेड येतो तो आरशाभोवतीच्या दिव्यांवर. मग दिसते अरुंद, लांबट खोली. खुंट्यांवर टांगलेले टोप, डब्यात उभे केलेले ब्रश, पावडरीने पांढरी झालेली फरशी आणि दाढीमिशा चिकटवायच्या गोंदाचा तो वास, जो एकदा नाकात बसला की माणूस जन्मभर नाटकाचाच होऊन राहतो. खुर्चीत बाई बसल्या आहेत, कंपनीच्या मुख्य नटी. त्यांच्यासमोर वाकून उभे आहेत पावडरकाका. खरं नाव होतं त्यांना, पण ते फक्त पगाराच्या पाकिटावर.

पावडरकाकांनी बाईंची भुवई काढायला घेतली आणि हात थरथरला. रेघ कपाळावरून निघाली ती थेट गालावर उतरली.

बाईंनी ओला बोळा घेऊन रेघ पुसली, काकांच्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला आणि आरशात बघून भुवई स्वतःच काढली. शिवी दिली असती तरी काकांना इतकं लागलं नसतं. त्यात नेमका दारात मॅनेजर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, "काका, खूप केलंत. आता तिकिटाच्या खिडकीत बसा. पंखा आहे, खुर्ची आहे."

"आणि चेहरे?"

"मुलगी ठेवलीय नवी."

"मग नव्या नाटकाचं पोस्टर मला द्या. त्यावर बाईंचा चेहराच असणार ना?"

मॅनेजर हसला. "अहो, ते कॉम्प्युटरवर करतात. येतं तुम्हाला?"

"पोस्टर लागेपर्यंत येईल," काका म्हणाले. असं म्हणाले, जणू फक्त चप्पल घालायची बाकी होती.

"आणि नाही आलं तर?"

"तर खिडकी आहेच की. पळून जातेय थोडीच!"

घरी सूनबाई कपड्यांच्या दुकानांसाठी फोटो काढायची. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर तिच्या बोटांवर होतं. तिने जुना कॉम्प्युटर सासऱ्यांना दिला आणि शेजारी बसून शिकवायला लागली. टक, टक, टक! तीन खिडक्या उघडल्या, दोन मिटल्या, फोटोतलं आकाश बदललं.

"समजलं, बाबा?"

"तू शिकवतेयस की हातचलाखी करतेयस?"

"सोपं आहे हो!"

"तुला सोपं आहे म्हणूनच तुला शिकवता येत नाही. मला पुस्तक पाहिजे. पुस्तक बरं असतं. बोट ठेवलं की तिथेच थांबतं."

दोघं पुस्तकांच्या दुकानात गेली. दुकानदाराने तीन पुस्तकं काउंटरवर मांडली. पहिलं जाडजूड, गुळगुळीत, उशाला घ्यावं असं. दुसरं सडपातळ, आठवड्यात उस्ताद करायची हमी देणारं. तिसरं साधं, मळखाऊ कव्हराचं.

"हे जाडं सगळ्यात जास्त खपतं," दुकानदार म्हणाला.

"खपतं ते ठीक. शिकवतं का?" काकांनी चष्मा चढवला. "आता मी तालीम घेतो. तिघांनाही एकच प्रश्न. माझ्या हातून बिघडलं, तर काय करायचं?"

सूनबाई हसू दाबत खुर्ची ओढून बसली. सासरे हटून बसले की घाई करण्यात अर्थ नसतो, हे तिला लग्नानंतर लगेच कळलं होतं.

जाड्या पुस्तकात उत्तर होतं, पण पार शेवटाकडे, बारीक टायपात. तिथपर्यंत पोचायच्या आत माणूस कॉम्प्युटरला लाथ घालून मोकळा झाला असता. शिवाय आत मुखड्यांचे फोटो होते, आधीचा आणि नंतरचा. काकांनी ते उजेडात धरले. "हे बघ. आधी ही कुणाची तरी मावशी होती. नंतर साबणाची वडी झालीय. कुठे थांबायचं ते याला कळत नाही. बाजूला व्हा!"

सडपातळ पुस्तकात बिघडण्याचा उल्लेखच नव्हता. "याच्या हातून कधी काही बिघडलेलंच नाही. म्हणजे याने काही केलेलंच नाही. चला, पुढचे!"

तिसऱ्याचं पहिलंच पान उघडलं. लिहिलं होतं, 'आधी फोटोवर वाटेल तशा रेघोट्या मारा. मारल्या? छान. आता त्या परत घेऊ.'

काकांनी पुस्तक मिटलं, छातीशी धरलं. "हे आमच्यातलं दिसतंय. बांधा."

दुपारच्या रिकाम्या रंगपटात, आरशाजवळच्या कोपऱ्यात घरचा कॉम्प्युटर आणून मांडला गेला. रेघोट्या मारल्या, परत घेतल्या. एक बटण दाबलं की चूक गायब! काका लहान मुलासारखे खूश झाले. जन्मभर ओला बोळा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला याहून मोठं वरदान कोणतं?

त्या खुशीत पुढचा धडा न वाचताच त्यांनी बाईंचा फोटो उघडला. रंगभूषेत पहिला मान बेसचा. म्हणून आख्ख्या चेहऱ्यावर, डोळ्यांवरून, ओठांवरून, गव्हाळ रंगाचा सपाट थर दिला, फोटो सेव्ह केला, कॉम्प्युटर बंद केला आणि जेवायला गेले.

परत आले तेव्हा सूनबाई कॉम्प्युटर सुरू करून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर बटाटा होता. टोप घातलेला.

"बाबा, हे काय? आणि बंद का केलंत?"

"बेस वाळायला ठेवला होता."

सूनबाई हसत हसत जमिनीवरच बसली. "अहो, इथे काही वाळत नाही! आणि बंद केल्यावर मागचं परतही येत नाही."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे बाई गेल्या?"

"मॅनेजरच्या मेलमध्ये आहेत अजून. पण आता धडा वाचा आधी."

वाचला. मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याच्यावर लेयर ठेवायचा, रंगवायचं त्या लेयरवर. "म्हणजे चेहऱ्यावर काच ठेवायची आणि काचेवर रंगवायचं. आम्हाला ही काच मिळाली असती तर किती नट्यांच्या शिव्या वाचल्या असत्या!"

पण हात? हात तर इथेही थरथरत होता. माऊस धरला की भुवई नागमोडी निघायची. परत घ्या, पुन्हा काढा, पुन्हा नागमोडी. काकांनी माऊस बाजूला सारला. तिकिटाच्या खिडकीतला पंखा त्यांना दिसायला लागला असावा. सूनबाई म्हणाली, "द्या, मी काढते." काकांनी मान हलवली आणि पुस्तकाचं पान उलटलं.

तिथे फोटो मोठा कसा करायचा ते होतं. काकांनी केला. आणखी केला. भुवई पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, हाताएवढी झाली. मग त्यांनी रेघ ओढली. थरथर होती, पण एवढ्या मोठ्या भुवईत ती एका केसाएवढीसुद्धा उरली नाही. फोटो पुन्हा लहान केला. भुवई जशी काढायची होती तशीच आली होती, टोकाला किंचित उचललेली.

सूनबाई हळूच म्हणाली, "सुरेख आली हो, बाबा."

"अजून एक आहे," काका म्हणाले. आणि फोटो दुसऱ्या भुवईवर सरकवला.

पोस्टर छापून आलं तेव्हा मॅनेजरने ते टेबलावर पसरलं आणि नाक मुरडलं. "बाईंना विशीतलं करायला सांगितलं होतं ना? या डोळ्यांखालच्या रेषा तशाच? आणि रंग केवढा भडक!"

"टेबलावर नाटक करता का तुम्ही? रस्त्यापलीकडे जाऊन बघा."

पोस्टर नाट्यगृहाच्या दाराबाहेर लावलं. मॅनेजर रस्ता ओलांडून गेला आणि तिथेच उभा राहिला. पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत होती. एवढ्यात बाई तालमीला आल्या. पोस्टरसमोर थांबल्या, स्वतःकडे बराच वेळ बघितलं, मग आपल्या भुवईवरून बोट फिरवलं.

"ही भुवई काकांच्या हातची आहे," रस्ता ओलांडून परत आलेल्या मॅनेजरला त्या म्हणाल्या. "मी काढते ना, ती अशी कधीच येत नाही."

मॅनेजर रंगपटाच्या दारात आला तेव्हा काका पुस्तक मांडीवर घेऊन पुढचा धडा वाचत होते. त्याने घसा खाकरला. पुढच्या नाटकांची पोस्टरं काकांनीच करावीत, हे ओघानेच आलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "फक्त दुपारी काम नसेल तेव्हा, थोडा वेळ खिडकीत...?"

काकांनी मान वर केली नाही. ओळीवर बोट तसंच ठेवून म्हणाले, "खिडकीत दुसऱ्या कुणाला तरी बसवा. आणि जाताना दार लोटून घ्या, उजेड स्क्रीनवर येतोय."