न पाहिलेला जामीनदार

ती घटना मला आजही आठवते, आणि दरवर्षी थोडी वाढूनच आठवते. इथे मात्र केस डायरीत होती तेवढीच सांगतो.

माझी नेमणूक धडगावला होती. तिथला घाट असा, की वळणावर जीपला स्वतःचीच मागची नंबरप्लेट वाचता येते. त्या घाटाने प्रकाशा गावचे एक म्हातारे शेतकरी, आबा, वसुलीची नोटीस घेऊन ठाण्यात आले. तालुक्यातल्या एका कार्यालयाचा रोखपाल सरकारी पैसा घेऊन पसार झाला होता. रोकड हाताळणाऱ्याकडून आधीच जामीनकतबा घेतात; त्याने खाल्लं तर जामीनदाराने भरायचं. या कतब्यावर आबांची सही होती आणि तारणात तापीकाठची त्यांची सगळी जमीन.

"साहेब, मी सही करेल नही. धडगाव तं आज पहिल्यांदा देखी ऱ्हायनू."

नोटीस आली की 'सही मी केलीच नाही' हेच प्रत्येक जामीनदार म्हणतो. मी अर्धाच विश्वास ठेवला. हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत माणसाचं वर्षश्राद्ध उरकतं, आणि जप्ती पंधरा दिवसांवर होती. कतब्याखाली मात्र कार्यालयाच्या अधीक्षकांचा शेरा होता: 'जामीनदाराने माझ्या समक्ष सही केली.' मी अधीक्षकांना चौकशीला बोलावलं आणि आबांना दारातल्या बाकावर बसवलं.

अधीक्षक आले. "ओ बाबा, पाय घ्या ना आत! साहेब आहेत का?"

"शेतस," आबा होकारार्थी मान हलवत म्हणाले.

मी चहा मागवला. "जामीनदाराला ओळखाल?"

"म्हणजे काय! तासभर समोर बसला होता. उंच, भरघोस मिशीवाला."

मी आबांना हाक मारली. टेबलापलीकडून त्यांची फक्त टोपी दिसली. मिशी तर नव्हतीच.

"हे कोण, साहेब?"

"तुमच्यासमोर तासभर बसलेले."

कोठडीतल्या ढेकणांनीही चावणं थांबवलं. रोखपालाने आधीच सही झालेला कतबा आणून दिला आणि आपण न पाहता शेरा मारला, हे अधीक्षकांनी कबूल केलं. रोखपाल पुढे सासुरवाडीत सापडला. आबांच्या विहिरीच्या जुन्या अर्जावरून त्याने सही गिरवली होती. जप्ती थांबली.

पण मला धडा त्या चौकशीच्याच दुपारी मिळाला. आबांची फिर्याद लिहून मी कागद पुढे सरकवला. "करा सही."

आबांनी 'वाचून दाखवली' या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आठे लिखेल शे, वाचीसन दखाडी. कव्हय दखाडी, साहेब?"

बाकावरचे अधीक्षक माझ्याकडे बघत होते. मी मोठ्याने वाचलं. गट नंबर चुकला होता. मी लिहिलेलं शेत आबांच्या भावबंदाचं निघालं. दुरुस्ती झाल्यावरच आबांनी पेनाचं टोपण काढलं.

जामिनाचा नियम चांगलाच आहे. पण समोर बसवून सही घ्यायला लागणारी दहा मिनिटं कुठल्याच कार्यालयात शिल्लक नसतात, आणि त्या दुपारपर्यंत माझ्या ठाण्यातही नव्हती.