गोमाकाकांचं पळसाचं पान

घाटंजीच्या बाजारात सामानाची यादी घेऊन उभा होतो, तेव्हा तांड्यावरचा एक जण म्हणाला, "गोमा नाईक गेले ना, परवा." यादीतल्या तीन वस्तू तशाच राहिल्या. माझ्याकडून असं होत नाही.

साठ सालाच्या आगेमागे आमच्या शिवारात रानडुकरं उभी ज्वारी लोळवायची. म्हणून आम्ही दिवसा हाका घालत असू, म्हणजे आरडाओरडा करून डुकरं दबा धरलेल्या शिकाऱ्यांपुढे हुसकत असू. कोण कुठे बसणार ते वहीत लिहिणं माझं काम. नवशिक्या शिकाऱ्यांना थंड ठेवणं गोमाकाकांचं, आणि ते फार अवघड. यवतमाळहून येणारी ही मंडळी म्हणजे कोऱ्या बंदुका, इस्त्रीच्या खाकी चड्ड्या आणि डुक्कर दिसताच हिवताप चढल्यासारखे थरथरणारे हात. काका उपदेश करत नसत. पळसाचं कोवळं पान दातांत धरायला देत. "पान हालून राह्यलं तवर चापाले बोट लावाचं नाही. थांबलं का मंग मारा." छातीतली धडधड पानावर दिसते... एवढंच. मीही पहिलं डुक्कर असंच मारलं.

एकदा एक वकील आले. पान पाहून म्हणाले, "मी काय बकरी आहे, नाईक?"

"बकरी तुमच्याहून थंड असते, सायेब."

सगळे हसले. वकिलांनी पान फेकलं. काका डावीकडच्या बोरीच्या झुडपामागे बसले. ती जागा वहीत होती, वकिलांना मी बोट करून दाखवली होती. हाका सुरू झाला, झुडूप जरासं हललं आणि या शूरानं काही न बघता बार काढला. छर्रे काकांच्या गुडघ्यात गेले. मी धावलो, तर दुनळी बंदूक माझ्याकडे वळली. वकिलांचे डोळे पांढरे, बोट चापावर, नळी लटलटत होती.

"भाऊ, तिथंच थांब! दुसरी नळी भरून हाये," काका माझ्यावर ओरडले. रक्ताळलेला गुडघा हातानं दाबून, पाय ओढत ते बाजूनं आले. मुंडाशात खोचलेलं दुसरं पान काढून त्यांनी वकिलांच्या दातांत दिलं. "पानाकडे पाहा, सायेब. फकस्त पानाकडे." पान फडफडलं... बराच वेळ फडफडलं. थांबलं, तेव्हा काकांनी हळूच बंदूक काढून घेतली. मग खाली बसले.

तो गुडघा पुन्हा वाकला नाही. वकील विचारपूस करायलाही फिरकले नाहीत. मी हे वहीत लिहायला घेतलं, तर काका म्हणाले, "कायले लिवतं? भेलेला मानूस हाये तो." मी लिहिलं नाही. चूक केली.

कारण काकांच्या शोकसभेला हेच वकील हार घेऊन आले. म्हणाले, "नाईक उतावीळपणे माझ्या बंदुकीपुढे आले, पण मी डगमगलो नाही." लोकांनी माना डोलावल्या.

ते पान मी त्या दिवशी उचलून वहीत ठेवलं होतं. आता वाळून तपकिरी झालंय. देठापाशी वकिलांच्या दातांनी आरपार पाडलेली भोकं आहेत. टोकाला काकांच्या अंगठ्याचा रक्ताचा ठसा आहे, एकही रेघ न फिसकटलेला. अंगठा हलला नव्हता.