जाळीच्या कपाटातली वाडी

बांगड्याचं कालवण आणि दोन वाढी भात पोटात असताना, रविवारी दुपारी, प्रज्ञेशने अख्खी वाडी पुसून टाकली.

त्याला फक्त एक सिनेमा ठेवायला जागा हवी होती. मामाच्या घरातल्या सर्व्हरवर 'जुने' आणि 'जुने नवीन' असे दोन फोल्डर होते. असली नावं ठेवणारा गाढव कोण, असं पुटपुटत त्याने एक निवडला आणि कायमचा उडवला. मग आठवलं की नावं त्यानेच ठेवली होती. मग दुसरा फोल्डर उघडून बघितला. त्यात मागच्या वर्षीच्या क्रिकेटच्या मॅचेस निघाल्या. म्हणजे उडाली ती वाडी.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे, तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत राहते, हे त्याने मामाला मोठ्या ऐटीत समजावलं होतं. पण आरशासमोर उभं राहून मिशी उतरवली तर आरशातल्या माणसाचीही जाते. तो धडा रत्नागिरीच्या डिप्लोमात बहुतेक त्याच्या गैरहजेरीच्या दिवशी झाला असावा. दोन्ही डिस्क एका क्षणात, अगदी एकदिलाने रिकाम्या झाल्या.

त्याला एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. आता त्या डिस्कवर एक अक्षरही नवं लिहिलं जाता कामा नये. त्याने सरळ वायर उपटली आणि ओट्यावर येऊन बसला. समोरच्या घरात येसूबाईच्या फोटोला पांढरी फुलं वाहिलेली दिसत होती. येसूबाई गेली त्याला आठवडा होत आला होता. येत्या रविवारी तिचं पुण्यानुमोदन होतं आणि तिचा आवाज 'जुने'मध्ये होता.

आता जानूमामाबद्दल सांगायला हवं. जानू गमरे, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या रोपवाटिकेतून निवृत्त. आंब्याचं कलम बांधलं की त्याच्या गळ्यात जातीच्या नावाचा पत्रा अडकवायचा, हे त्याने आयुष्यभर केलं. बुरोंडीच्या रस्त्यावर, कातळाच्या सड्याच्या खाली असलेल्या बौद्धवाडीत त्याचं घर. बाप वारला तेव्हा विहारात जमलेल्या माणसांत वाद झाला की म्हातारा हसायचा कसा. कोण म्हणे खो-खो, कोण म्हणे नुसता खांदे हलवायचा. एकमत काही होईना. त्याच महिन्यात जानूने टेपरेकॉर्डर घेतला, आणि वाडीतल्या एकेका माणसाला समोर बसवून आवाज ठेवायला सुरुवात केली.

"नाव सांगू नको, नाव मी लिहितंय. तू बोल."

माणसं काय वाट्टेल ते बोलायची. कुणी भाताच्या लावणीचं, कुणी सासूचं, कुणी मुंबईला पहिल्यांदा गेल्यावर कुठल्या गल्लीत हरवलो त्याचं. एका म्हाताऱ्याने नुसतं खोकून दाखवलं. म्हणाला, "ह्यावरनं मला कोण बी वळकंल." माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्रिसरण-पंचशील झाल्यावर, विहारातल्या स्पीकरवर त्याचा आवाज लागायचा. एकदाच. मग परत नाही. तीस-पस्तीस वर्षांत ही वाडीची रीतच होऊन गेली. वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेची माणसं एक वेळ जेवणाला थांबायची नाहीत, पण आवाजाला थांबायची. लहानपणी प्रज्ञेशला वाटायचं की सगळ्या गावांत मेलेली माणसं अशी एकदा बोलून जातात.

कॅसेटी लोखंडी ट्रंकांत होत्या, आणि आमच्याकडची हवा लोखंडालाही सोडत नाही. फितींना पांढरी बुरशी धरली. तेव्हा प्रज्ञेशने एकेक कॅसेट वाजवून संगणकात घेतली. बऱ्याच फिती तेवढ्यासाठीच तग धरून होत्या जणू. वाजल्या आणि तुटल्या.

हे सगळं ठेवायचं कशात, तर आधी मुंबईच्या चुलत्याने ऑफिसातून काढलेला एक जुना संगणक आला, गोणपाटात गुंडाळून, एसटीच्या टपावरून. त्याचा पंखा असा घरघरायचा की मामी म्हणायची, "ह्याच्यापेक्षा गिरण बरी, पीठ तरी देते." तो रोज तिन्हीसांजेला बंद पडायचा. प्रज्ञेशने रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्यावर चढलेला हिरवा गंज खोडरबराने घासला. पॉवर सप्लाय बदलला. जुन्या सप्लायमधून एक पाल निघाली. ऊब मिळते म्हणून ती तिथे संसार थाटून होती. पाल गेली तरी दुखणं राहिलंच. शेवटी एका संध्याकाळी मीटर लावून बसला तेव्हा कळलं, की नळपाण्याचा पंप सुरू झाला की वाडीतल्या विजेचा दाब इतका खाली येतो की बल्ब काजव्यासारखे दिसतात.

म्हणून मग त्याने स्वतः निवडून दुसरा बांधला. तळहातावर मावेल असा, बिनपंख्याचा, कारण पंखा जितकी हवा ओढतो तितकं मीठही ओढतो. वीज इतकी कमी खाणारा की इन्व्हर्टरवर दिवस काढेल. डिस्क रात्रंदिवस फिरण्यासाठीच बनवलेल्या, धीम्या चालीच्या. आणि ठेवायला जागा मामाने दिली, दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट. जाळीमुळे हवा खेळते, उंदीर जात नाही. कपाटाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सर्व्हर पाण्यात पाय सोडून बसलाय, असं म्हणत प्रज्ञेश त्याचे फोटो मित्रांना पाठवायचा.

असा तो सर्व्हर. आणि त्याला कसली बाधा झाली नाही, झाली ती प्रज्ञेशची.

दुसऱ्या दिवशी डिस्क टॉवेलात गुंडाळून त्याने दापोली गाठली. तिथे रसिकाचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे पुसलेले फोटो मेमरी कार्डातून परत काढण्यात तिचा हात बसलेला. दोघं एका बाकावरची.

"इंजिनिअरसाहेब," ती म्हणाली, "दोन्ही डिस्क एकसारख्या ठेवल्या, तिसरी नाही ठेवली? घराच्या दोन किल्ल्या एकाच खिशात घालतोस काय रे?"

"तू ओरड, पण आधी काढ."

"मी ओरडतच काढते."

तिने एक रिकामी मोठी डिस्क दिली. पुसलेलं उचलून ठेवायचं ते हिच्यावर, मूळ डिस्कला हात लावायचा नाही. यंत्र दिवसभर कुरकुरत राहिलं. संध्याकाळी पडद्यावर फायली उगवू लागल्या, खाडीला भरती आल्यावर होड्या उचलल्या जातात तशा, एकामागून एक. प्रज्ञेशने रसिकाचा हात धरला आणि लगेच सोडला.

"नाचू नको," ती म्हणाली. "नावं बघ."

नावं नव्हती. चारशेच्या वर आवाज परत आले होते, आणि प्रत्येकाच्या जागी नुसता आकडा. कॅसेटींवरच्या मामाने लिहिलेल्या पट्ट्या, कॅसेटी वाजवून झाल्यावर, वाळवीने खाल्ल्या होत्या. गळ्यातला पत्रा पडलेली चारशे कलमं.

प्रज्ञेशला तरी एक आधार होता. मामाने प्रत्येक माणूस स्वतः समोर बसवला होता. तो पहिल्या शब्दाला ओळखेल. घरी येऊन त्याने सगळं कबूल केलं, मान खाली घालून. मामाने दोनदा म्हणायला लावलं, "वर बघून बोल, वर बघून." मग रागावला नाही, म्हणाला, "लाव. सांगतंय तुला."

प्रज्ञेशने पहिली फाईल लावली. पडद्यावर हिरव्या पट्ट्या खालीवर होऊ लागल्या. मामा त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"हा काशीराम. आधी जोरात, मग मऊ. काशीरामच."

स्पीकरमधून एक बाई लेकीच्या बाळंतपणाचं सांगत होती.

"मामा, बाई आहे."

मामा पट्ट्यांकडे बघत मान डोलवत राहिला. प्रज्ञेशच्या डोक्यात काहीतरी सरकलं. त्याने हळूच आवाजाची खुंटी फिरवली, पार शून्यावर. खोलीत वाट्यांतल्या पाण्यावर माशी बसल्याचं ऐकू येईल इतकी शांतता झाली. पट्ट्या हलत होत्या, आणि मामा ऐकतच होता. हसण्याच्या जागी हसला सुद्धा.

प्रज्ञेश उठून त्याच्या समोर जाऊन बसला. "मामा, कधीपासून?"

मामाने त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"रोपवाटिकेत पंपाच्या खोलीत असायचो. हळूहळू गेला कान, टेप घ्यायच्या आधीच. तोंड समोर असलं की कळतं मला. आणि आपल्याकडे माणसं ओरडूनच बोलतात, कुणाला काय पत्ता लागणार!"

"आणि आवाज?"

"टेपची सुई हलली की माणूस बोलला. लय हलली की हसला." त्याने पट्ट्यांकडे बोट केलं. "ह्या दिसतात बऱ्या. सुईपेक्षा."

"पण मग इतकी वर्षं कुणासाठी करत होतास?"

मामाला प्रश्नच कळला नसावा. "तुम्हाला येतंय ना ऐकायला? मग झालं."

कित्येक वर्षं या माणसाने वाडीतलं प्रत्येक माणूस समोर बसवून, सुईवर नजर ठेवून, न ऐकता जपलं होतं. सड्यावर रात्री आभाळ बघताना जसं पायाखालचं सुटल्यासारखं होतं, तसं प्रज्ञेशला घरात बसल्या बसल्या झालं.

मग वाडीलाच बोलवावं लागलं. विहारात सतरंज्या पडल्या. महिला मंडळ पुढे, गडीमाणसं भिंतीला. मामा मधोमध, स्पीकरजवळ. नियम त्यानेच घातला.

"वळकला की बंद. पुरा आवाज ज्याच्या त्याच्या दिवशी."

पहिला आवाज लागला आणि तीन शब्दांत मागून कुणीतरी म्हणालं, "बाबा." एवढंच. प्रज्ञेशने बंद केला आणि नाव लिहिलं. पुढच्याला चार बाया एकदम ओरडल्या. एका आवाजावर दोन भावंडांत जुंपली, ही आजी की आत्या. निकाल शिंकेवर लागला, कारण अशी शिंक फक्त आत्याची. जे जिवंत होते त्यांचा आवाज लागला की ते लाजून तोंड लपवायचे. "मी असा चिरकतंय?" असं एक गृहस्थ चिडून विचारत होते, आणि सगळी वाडी एका सुरात "व्हय!" म्हणाली. खोकणारा म्हातारा आला. त्याचा आवाज केव्हाच वाजून झाला होता, तरी सगळ्यांनी त्याला ओळखलं, आणि कुणीच "बंद" म्हणेना. त्याने मनसोक्त खोकून घेतलं.

ऊन उतरायला आलं तरी येसूबाई येईना. तिची लेक मैना दाराजवळ बसली होती, तळहात घट्ट मिटून. तिचा भाऊ शिवा मुंबईहून आला होता. तो सारखा बाहेर जाऊन येत होता. फायली थोड्याच उरल्या होत्या. काही फायली अर्ध्यावर तुटलेल्या निघाल्या होत्या, तीन नुसत्या खरखर करत होत्या. ती त्यातली एखादी असली तर?

त्याने पुढची लावली.

"ऐ जान्या..."

मामाला जान्या म्हणणारं माणूस या जगात एकच होतं.

"बंद कर!" मैना ओरडली. "आये हाय. बंद कर रे!" आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली की रडायला, ते तिचं तिलाही ठाऊक नसावं.

मामा ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होता. "कोण? कोण हाय?"

रविवारी विहार भरून गेला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, मेणबत्त्या लागल्या, दोघांनी येसूबाईबद्दल चांगलंचुंगलं सांगितलं. मग प्रज्ञेशने आवाज लावला. जाता जाता त्याने मामाचा तळहात उचलून स्पीकरच्या खोक्यावर ठेवला. मामाने हात काढला नाही.

"ऐ जान्या, चालू झाला काय रे ह्यो? मी काय बोलू मेल्या, मला कामं नायत? बसवून ठेवलान नुसती. पोरं बरी हायत. मैनाचा पाय दुखतो, तिला तेल लावायला सांग, माझं ऐकत नाय ती. शिव्या मुंबैला गेला तो मोठा सायब झाला... बरा हाय पण. आणि जान्या, ऐक. माझा आवाज घेतलास ना फुकटात? मग माझ्या बॅटरीचे दोन सेल आण. मोठे. रात्री परसात जायला काय दिसत नाय मला. आणशील ना?"

आणि मग टेपमध्ये दुसरा आवाज, तरुण, खणखणीत, अगदी मनापासून: "व्हय व्हय! झकास बोललीस मावशी!"

"मग कधी आणतोस?"

"झकास!"

इथे फीत संपली.

मग कुणीतरी फसकन हसलं, आणि मग सगळेच. शिवा भिंतीला डोकं टेकून, डोळे पुसत हसत होता. पुण्यानुमोदनाला एवढं हसणं वाडीत कधी झालं नव्हतं.

मामाचा हात अजून खोक्यावर होता. "लय बोलली," तो म्हणाला. "हाताला कळलं. काय म्हणाली रे?"

प्रज्ञेश त्याच्या समोर गेला, ओठ दिसतील असा बसला, आणि एकेक शब्द सांगितला. मामा ऐकत गेला. सेलपाशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मी सुईकडे बघत होतो. मला वाटलं, मजेत काय सांगतेय. मी व्हय म्हटलं." तो सदऱ्याचा खिसा चाचपत उठला. "शिवा, आणतो. आत्ता बुरोंडीला जाऊन आणतो."

"काका, ती बॅटरी गंजून गेली. खुंटीला नुसती टांगलेय."

"तरी आणतो."

मैना लंगडत पुढे आली आणि तिने मामाचा दंड धरून त्याला परत सतरंजीवर बसवलं. मग त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नको आणू. तुझ्याकडे तिचं कायतरी राहू दे. आये कुणाला सोडायची नाय. येईल मागायला."