नमुन्याच्या दोन विटा

लोक विचारतात, तुम्हाला इतके किस्से सुचतात कसे? अरे बाबा, सुचायला कशाला पाहिजेत? सदर भागातल्या आमच्या चौकशी हपिसात माणूस नुसता खुर्चीवर बसला, तरी किस्से आपणहून टेबलावर येऊन पडत. निकाली मात्र सहसा एकही निघत नसे.

आता ढोकेजींचंच घ्या. इंग्रजांच्या राजवटीत हे ओव्हरसियर. एका पुलाच्या कामासाठी आलेला विटांचा नमुना त्यांनी पास केला आणि ठेका मिळाला नेमका त्यांच्याच गावच्या माणसाला. झालं. 'कच्च्या विटा पास करून ठेका दिला' असा अर्ज गेला, चौकशी बसली. इंग्रज गेला, ढोकेजी रिटायर झाले, चौकशी बसलेलीच.

दर सोमवारी धुतलेली टोपी घालून ते माझ्या टेबलासमोर उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. "आरोपी आहो जी मी. निर्दोष लिहिलेला कागद द्या, मंग बसतो." त्यांच्यापुढे बसून चहा प्यायची मला लाज वाटे. प्यायचो, पण लाज वाटे.

* * *

मग पुण्याकडचे नवे साहेब आले. उत्साह भारी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या काळच्या गोऱ्या इंजिनियरला थेट विलायतेला समन्स धाडलं. पाच महिन्यांनी त्याच्या बायकोचं पत्र आलं. आमचे साहेब वारले, आणि तिथल्या आमच्या बंगल्यामागचा आंबा अजून धरतो का?

पत्र आलं म्हणजे उत्तर देणं भाग. आमचे शिपाई रामरावजी सायकलवर जाऊन पाहून आले. मी अहवाल लिहिला, "झाड आहे. फळ आंबट." इतक्या वर्षांत त्या फायलीत लागलेला तो पहिला पक्का पुरावा.

* * *

नंतर साहेब पूल पाहायला निघाले. जीप पाहून गाव गोळा झालं. पूल ठणठणीत, खाली पाण्याचा टिपूस नाही.

"नाला कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

एक म्हातारा म्हणाला, "नाल्यानं रस्ता बदलला जी. पूल नाही हालला."

परत येताना मी म्हणालो, "साहेब, पूल तर उभा आहे. सोडून द्या ना ढोकेजींना."

"पुलाच्या विटा वेगळ्या, नमुन्याच्या वेगळ्या. आरोप नमुन्यावर आहे. मला त्या दोन विटा हव्यात."

फायलीतल्या पुराव्याच्या यादीत होत्याच त्या. नमुना वीट, नग दोन, लाखेचं सील, जपून ठेवणे.

* * *

तीन दिवस रेकॉर्ड रूम पालथी घातली. एका गठ्ठ्यामागे मांजरीची पिलं निघाली, दुसऱ्यामागे माझा हरवलेला डबा निघाला. विटा नाहीत. रामरावजी दाराशी तंबाखू मळत सगळं पाहत होते.

* * *

सोमवारी सुनावणी. ढोकेजी नेहमीसारखे उभे. साहेबांनी चष्मा काढला. "पुरावा सापडत नाही. दोषी लिहिता येत नाही, निर्दोषही लिहिता येत नाही. प्रकरण चालू राहील."

ढोकेजींनी टोपी काढून हातात घेतली. "मी मेल्यावर कोणाले द्यान कागद?"

तेव्हा दारातून रामरावजी म्हणाले, "विटा पाहून राहिले का साहेब? त्या तं कपाटाखाली आहेत."

सगळ्या चौकशांच्या फायलींनी ठासून भरलेलं आमचं ते लोखंडी कपाट. इंग्रजांच्या वेळी फरशी खचली, तेव्हापासून त्याचे पुढचे दोन पाय त्या विटांवर. साहेब गुडघ्यांवर बसले, टॉर्च मारला. लाखेचं सील जागच्या जागी.

"अहो, मग तीन दिवस सांगितलं का नाही?"

"मले कोणी इचारलं?"

"काढा त्या बाहेर."

"नका काढू जी. कपाट पडन."

साहेबांनी टॉर्च पुन्हा विटांवरून फिरवला, इतक्या वर्षांच्या ओझ्याखाली एकीलाही तडा नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. नमुना तपासला. निर्दोष."

ढोकेजी कसेबसे वाकले, कपाटाखाली नीट पाहून घेतलं. "एक नंबरची वीट आहे. तवाही हेच लिहिलं होतं मी."

आणि माझी खुर्ची ओढून बसले.