वरच्या खोलीतला मतदार

आमच्या रफूवाल्या काकांना मतदार यादीनं फसवलं. जरीपटक्याच्या बाजारात माझ्या कापडदुकानाच्या वर तेरा वर्षं राहिलेला हा माणूस मतदानाच्या सकाळी रांगेत पहिला उभा होता, आणि त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही इथं राहतच नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्यांच्या गमती सांगणार आहे, आणि गमतीजमतीत मुद्दा हरवतो हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

काकांचं एक वाक्य आमच्या बाजारात सगळ्यांना पाठ होतं. दुकानात कोणी मोबाईल काढून देशाचं काही वाचून दाखवायला लागला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, सुई शर्टाच्या खिशाला टोचून ठेवायचे आणि म्हणायचे, "आयकलेलं ठेवा बाजूले. पाह्यलेलं सांगा."

"अहो काका, सारा देश म्हणून राहिला!"

"देश मंग पाहू. तुम्ही तुमच्या गल्लीत काय पाह्यलं?"

"गल्लीत काय, नळाले पाणी नाही."

"हं. हे झालं बोलणं. बसा."

काका मूळचे कामठीचे, पॉवरलूमवर विणणारे. लूम बंद पडले तेव्हा पन्नाशी उलटल्यावर त्यांनी रफू शिकून घेतलं. कामठीहून शेअर ऑटोनं यायचे आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. मी स्वतः बर्डीच्या बाजारात फुटपाथवर रुमाल-मोजे विकून वर आलेला माणूस, पण पायरी माझी झाल्यावर तिच्यावर दुसरा बसलेला मला चालेना. त्यांना हाकलायला गेलो. माझा आवाज चढला की बाजार बघायला थांबतो. काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या कालरचं टोक फाटलं हाय. शर्ट काढून द्या, पाच मिनिटांचं काम हाय. भांडण त्याच्यानंतर करू."

शर्ट काढून दिला आणि बनियनवर उभा राहिलो. बनियनवर उभ्या असलेल्या माणसाचं भांडण कोणी मनावर घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून काका आत, काउंटरच्या बाजूला बसायला लागले.

पुढं मी दुकानावर एक खोली चढवली. महापालिकेला विचारून नाही. विचारलं असतं तर आजही विचारतच असतो. कागदावर माझं दुकान एकमजलीच राहिलं. त्या वरच्या खोलीत काका राहायला आले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, कामठीत एक बहीण तेवढी होती. मतदार यादीतलं नाव त्यांनी महिन्याभरात कामठीहून इकडं आणून घेतलं. कार्ड आलं तेव्हा मला दाखवायला जिना उतरून आले. मी माल मोजत होतो, नीट पाहिलंही नाही.

निवडणूक म्हणजे काकांचा सण. आदल्या दिवशी पांढरा शर्ट स्वतः धुवायचे, स्वतः इस्त्री करायचे. सकाळी सातच्या आधी शाळेच्या फाटकावर हजर. त्यांचे वडील मत देऊन आले की आठ दिवस त्या बोटाला तेल लागू द्यायचे नाहीत, शाई जाईल म्हणून. हे काकांनी डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून सांगायचे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी मात्र ते आईच्या कडेवर होते. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचे, "होतो मी तिथं, पण मले काही आठवत नाही. त्याच्यावर मी भाषण देत नाही."

ते मत कोणाला देतात हे मला तेरा वर्षांत काढता आलं नाही. सुरतच्या व्यापाऱ्याच्या तोंडून मी खरा भाव काढतो, पण इथं माझी सगळी कला वाया गेली. एकदा म्हटलं, "मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं सांगा."

"तुमचं तं तुम्ही चौकात सांगता शेठ. जे सगळ्यायले फुकट भेटते, त्याच्या बदल्यात मी काय देऊ?"

"पण लपवता काहून?"

"लपवत नाही गा. तिथं पडद्यामागं एकट्यालेच जा लागते ना? सख्ख्या बायकोलेबी नेता येत नाही. मंग बाहेर आल्यावर गर्दी काहून करू?"

एका प्रचाराच्या वेळी एका उमेदवाराचं जाकीट मिरवणुकीत फाटलं. कार्यकर्ता घेऊन आला आणि समोर उकिडवा बसून म्हणाला, "काका, या टायमाले आपल्याकडे लक्ष असू द्या."

"लक्ष जाकिटावर हाय. बोलत राह्यला तं टाका चुकन."

त्याच संध्याकाळी समोरच्या पक्षाचा माणूस सफारी घेऊन आला. काकांनी दोन्ही कपडे एकाच खिळ्याला टांगले आणि मला म्हणाले, "पाहा शेठ, युती झाली."

पण त्यांचं माझ्याशी खरं वाजलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. आमच्या भागातल्या एका माणसाला, मोबाईलवर पुढाऱ्याविरुद्ध काही लिहिलं म्हणून, पोलीस घेऊन गेले. मी भर दुकानात म्हणालो, "बरं झालं. असल्यायले आतच ठेवलं पाहिजे."

"काय लिवलं होतं त्यानं?"

"मी वाचलं नाही."

"मंग तुम्ही कायले तापून राहिले?" चष्मा कपाळावर गेला. "त्यानं चांगलं लिवलं का वाईट, ते वेगळं. सकाळपासून तुम्ही वीजवाल्याले शिव्या दिल्या, नगरसेवकाले दिल्या, मंत्र्याले तं दोनदा दिल्या. शेठ, तुमच्यासारख्या तोंडाच्या माणसाले ही मोकळीक आमच्यापेक्षा जास्त लागते."

गिऱ्हाईकं हसली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वीजबिल आलं, आणि शिव्या द्यायला कोणीतरी ऐकणारा लागतो, म्हणून बोललो.

आता मुद्द्यावर येतो.

लोकसभेच्या आधी याद्या तपासायचं काम निघालं होतं. काका बहिणीकडं कामठीला गेले होते, दोन-तीन दिवसांसाठी. दुपारी एक मॅडम रजिस्टर घेऊन दुकानात आल्या. शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात, उन्हानं चेहरा लाल झालेला. मी एका बाईला साडीचा भाव पटवत होतो. मॅडमनी काकांचं नाव घेतलं आणि विचारलं, "हे वर राहतात का?"

त्याच महिन्यात आमच्या ओळीत दोघांना वाढीव बांधकामाच्या नोटिसा आल्या होत्या. आमच्या बाजारात हातात रजिस्टर घेऊन कोणी आला की सगळ्यांचं उत्तर एकच असतं, आणि ते विचार करायच्या आधी तोंडातून निघतं. मी म्हणालो, "वर कोणी राहत नाही. वर माल आहे."

"नक्की?"

"मालक मी आहे का तुम्ही?"

त्यांनी जिन्याकडं एकदा पाहिलं. मग रजिस्टर पुढं केलं आणि म्हणाल्या, "इथं सही करा." मी केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. सुरतच्या बिलावरचं बारीक अक्षरसुद्धा न सोडणारा मी माणूस.

मतदानाच्या दिवशी काका साडेसातला परत आले. बोट कोरं होतं. पांढऱ्या शर्टातच जागेवर बसले आणि म्हणाले, "नाव नाही. कापलं म्हणते."

मी पेटलो. शाळेत जाऊन तिथल्या अधिकाऱ्याशी भांडलो, पोलिसाशी भांडलो, रांगेतला एकजण मध्ये पडला त्याच्याशीही भांडलो. तोवर मला त्या दुपारची आठवणसुद्धा नव्हती, हे शपथेवर सांगतो. चार दिवसांनी काकांना घेऊन तहसील कार्यालयात गेलो आणि टेबलावर हात आपटून कागद मागितला. कारकुनानं शांतपणे फाईल काढली. वर लिहिलं होतं, प्रत्यक्ष भेट देऊन खात्री केली, सदर इसम स्थलांतरित. शेजाऱ्याची सही म्हणून माझी सही. त्याच्याखाली मंजुरीची सही, कुठल्यातरी साहेबांची, वाचता न येणारी.

काकांनी चष्मा लावून कागद वाचला. माझी सही ते ओळखायचे. मी टेबलावरचा हात खाली घेतला.

बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर त्यांनी विचारलं, "खोलीपायी?"

"हो."

"विचारलं असतं तं मी दुसरीकडं गेलो असतो शेठ. खोल्या भेटते."

एवढंच. आवाज चढला नाही. मला वाटत होतं चढावा. चढलेल्या आवाजाशी कसं वागायचं ते मला माहीत आहे.

नाव परत घालायला नवा अर्ज लागत होता, आणि अर्जाला राहण्याचा पुरावा. काका म्हणाले, "एक ओळ लिवून द्या. हा माणूस माह्या वरच्या खोलीत राहते."

ती ओळ लिहिली म्हणजे खोली कबूल केली. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात देतो." मग म्हणालो, "माझ्या भावाच्या घरचा पत्ता टाकू, तो कायदेशीर आहे."

"तिथं मी राहत नाही."

"कोण पाहते काका?"

"मी पाहतो ना," ते म्हणाले.

आठवडे गेले. मी रोज टाळत होतो आणि ते रोज समोर बसून रफू करत होते, पण पुन्हा एकदाही मागितलं नाही. पावसाळा संपता संपता त्यांना सुईत धागा ओवता येईना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. बहिणीनं कामठीला बोलावून घेतलं. जाताना खोली झाडून, किल्ली काउंटरवर ठेवून गेले. दुकानात राजकारणाच्या गप्पा आता पूर्वीपेक्षा जोरात चालतात. कोणी काहीही वाचून दाखवतो, आणि कोणी काही विचारत नाही.

दिवाळीनंतर मी महापालिकेत गेलो आणि खोली लेखी दिली. दंड बसला, भरला. मग ती ओळ लिहिली, खाली ठसठशीत सही केली, आणि शेअर ऑटोनं कामठीला गेलो. काका ओसरीत बसले होते, ऑपरेशन झालेल्या एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसरा अजून बाकी. मी कागद वाचून दाखवला. जी माफी मागायची होती तीही मागितली. मला ते काम येत नाही, त्यामुळं फार वेळ लागला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला, कापड चाचपावं तसा. मग मला परत दिला.

"आता मी इथं राहतो शेठ. हे आता खोटं झालं."

"मंग इथून अर्ज करा!"

"केला हाय. पाहू. पण ते गेलेलं मत काही परत येत नाही ना गा. देशाचं एवढं मोठं मत, पाच वर्सातून एकदा. आता पुढच्या टायमाले मी रांगेत उभा राहीन का नाही, कोणाले ठाऊक?"

परत येऊन मी तहसील कार्यालयात अर्ज दिला. त्यात लिहिलं की खोटं मी बोललो, त्याचा गुन्हा माझ्यावर लावायचा असेल तर लावा. पण प्रत्यक्ष भेट झाली नव्हती, जिना कोणी चढलं नव्हतं, काकांच्या नावानं नोटीस आली नव्हती, आणि तरी नाव कापायला मंजुरी मिळाली. ती कोणी दिली ते सांगा. तीन वेळा गेलो. कारकून म्हणतो, "चूक दुरुस्त करायचा अर्ज तिकडून झाला आहे ना, मग आता तुम्हाला काय पाहिजे?"

काय पाहिजे ते इथं छापील सांगतो. उन्हात फिरणाऱ्या त्या मॅडमवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. ज्या साहेबांची ती न वाचता येणारी सही आहे, त्यांनी कामठीचा शेअर ऑटो पकडावा. काकांच्या ओसरीत खाली बसावं, आपलं नाव सांगावं, आणि एका दुकानदाराच्या शब्दावर एका नागरिकाचं मत कसं कापलं, हे त्यांच्या तोंडावर सांगावं. मी सांगून आलो आहे. आता त्यांनी जावं, आणि काकांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघायच्या आत जावं, उशीर आधीच फार झाला आहे.