चार पावलं पुढे

नातवानं दाराशी काथ्याचं नवं पायपुसणं टाकलं. तो वास आला आणि मी घरभर येरझाऱ्या घालू लागलो.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या दिवसांत अमरावतीच्या मैदानावर खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटिंगला असाच वास यायचा. अकोल्याकडून वेगवान गोलंदाजी करत मला वीस वर्षं झाली होती. त्या दिवशी चेंडू टाकायला वळलो, तर आमचा यष्टिरक्षक दिगंबर नेहमीची जागा सोडून चार पावलं पुढे उभा.

“काहून रे? मांगं उभा राय ना!” मी ओरडलो.

तो चालत माझ्यापर्यंत आला. “तिथवर चेंडू पोचून नाही राहिला, भाऊ.”

त्यानंतर मी खेळलो नाही, त्याच्याशी बोललोही नाही. मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. त्यानं मात्र ते माझ्या कानात सांगितलं होतं.