बरोबर बाई

माझ्या आत्याला ऑफिसात सगळे ‘बरोबर बाई’ म्हणायचे. हिशेब तपासणाऱ्यांच्या त्या ऑफिसात ती बिलं पडताळायची आणि प्रत्येक बिलावर टिक मारताना ‘बरोबर’ असं पुटपुटायची. जिभेला सवयच लागली होती. घरी भाजी चाखली तरी ‘बरोबर’.

एके दिवशी साहेब म्हणाले, “बाई, धंदा बदललाय. मास्टर्स करा, नाहीतर तुम्हाला ठेवणं अवघड होईल.”

मग आत्या केस पिकलेले असताना संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली. पोरं तिला मावशी म्हणायची. शेवटच्या प्रकल्पासाठी सरांनी सांगितलं, आपापल्या कामाची पद्धत बारीकसारीक तपशिलासह लिहा. आत्याने जीव ओतून लिहिलं. कुठल्या बिलाचा संशय येतो, का येतो, काही म्हणता काही सोडलं नाही. ती वर्गात पहिली आली. साहेबांनी प्रकल्पाची प्रत मागून घेतली, तेव्हा तर तिला आभाळ ठेंगणं झालं.

पदवी मिळाली आणि पाठोपाठ ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम आला, तिच्याच प्रकल्पावरून बनवलेला. बिल जुळलं की पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत: ‘बरोबर’. आत्याची नोकरी गेली. तिच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी तिला ते कौतुकाने दाखवलं. म्हणाले, “बघा, तुम्ही गेलात तरी इथंच आहात.” त्या माणसाला लाज कशाशी खातात हेच ठाऊक नसावं.

काल मी तिच्यापुढे भाजीचा चमचा धरला. “आत्या, मीठ बरोबर आहे ना?”

तिने चाखलं. चमचा हळूच बाजूला सारला.

“मला नको विचारूस,” ती म्हणाली.